जड वर्दीनंतरचा तास

अग्निशमन दलात ‘वर्दी’ म्हणजे अंगावरचा गणवेश नव्हे. आग लागल्याची, घर पडल्याची, कुणी नाल्यात वाहून गेल्याची खबर आली की ‘वर्दी आली’ म्हणतात. बंब बाहेर पडला, काम झालं, होज, म्हणजे पाण्याचे लांब पाइप, गुंडाळून परतला की वर्दी संपली. खबर कधी आली, गाडी कधी सुटली, कधी पोहोचली, किती होज लागले, किती बी.ए. सेट (धुरात श्वास घ्यायला पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क) वापरले, सगळं वेळेसकट लिहून ठेवतात. मृतदेह किती मिळाले तेही लिहितात. ते कोणाच्या हातांनी बाहेर निघाले, हे मात्र कुठे लिहिलेलं नसतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, या लोकांच्या मनावर मोठ्या आगींचा ताण येत असेल. मोठ्या आगीत दहा गाड्या असतात, वरिष्ठ असतात, पेपरात फोटो येतो, पाठ थोपटली जाते. आत रुतून बसते ती एका खोलीतली, एका गाडीने विझवलेली आग, जिच्यात पलंगाखाली लपलेलं पोर सापडतं. लहान मुलं धुराला घाबरून पळत नाहीत. ती कपाटात, पलंगाखाली, बाथरूममध्ये लपतात. म्हणून शोध घेताना तिथे हात घालायला शिकवतात, आणि म्हणूनच घरी आपल्या पोराशी लपाछपी खेळताना एखाद्या बापाचा हात पलंगाखाली जाता जाता थांबतो.

क्वार्टर्सपासून सुरुवात करू. मुंबईत बऱ्याच केंद्रांच्या आवारातच कर्मचाऱ्यांची घरं आहेत. रात्री अडीचला घंटा होते ती ड्यूटीवरच्यांपुरती नसते, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातही ती तितकीच वाजते. अंथरुणात बाई कान देते. एक गाडी गेली की दोन? इंजिनाच्या आवाजावरून शिडीची गाडी निघाली, हे शाळकरी मुलालाही कळतं. शिडी गेली म्हणजे उंच इमारत. मग झोप कोणालाच लागत नाही, आणि लागली नाही हे सकाळी कोणी बोलतही नाही. आपलं माणूस त्या रात्री ड्यूटीवर नसलं तरी हेच होतं. अशा घरांतल्या बायकांना ‘तुम्हाला आता सवय झाली असेल’ असं म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. सवय कान टवकारायची होते, न टवकारायची नाही.

त्या घंटेने ड्यूटीवरच्या माणसाची नाडी अर्ध्या मिनिटात चढते. गाढ झोपेतून उठल्यावर डोकं ठिकाणावर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण गाडी मिनिटभरात सुटायची असते. हा धक्का हृदय मोजत असतं. 2007 साली स्टेफानोस केल्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अग्निशामकांच्या कर्तव्यावरच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष आग विझवण्यात त्यांचा वेळ 1 ते 5 टक्केच जात होता, पण हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी 32 टक्के त्या थोड्या वेळात झाले होते. वर्दीवर जाताना आणि परत येतानाही धोका एरवीपेक्षा जास्त होता. परत येताना, म्हणजे सगळं संपल्यावर.

आता परतल्यानंतरचा तास. याबद्दल सविस्तर लिहितोय, कारण तो बहुतेक ठिकाणी वाया जातो.

माणूस चिडचिडा झालाय, डोकं ठणकतंय, मळमळतंय, तर ‘टेन्शन आलंय’ म्हणण्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या. ऐन आगीत सगळे बी.ए. सेट लावतात. आग आटोक्यात आल्यावर, कूलिंग करताना, ढिगारा उपसताना सेट उतरवला जातो, आणि धुमसणाऱ्या गाद्यांतून हा वायू तेव्हाही येतच असतो. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे चक्क फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि आकडा 98 दिसतो. खरं काय ते रक्तातलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन तपासल्यावर कळतं. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला 4 ते 5 तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. रात्रीच्या आगीनंतर सकाळी घरी येऊन बायकोवर खेकसणाऱ्या किती जणांच्या रक्तात हा वायू असेल, याचा विचार केला की वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. जाड कोट, हेल्मेट आणि पाठीवर दहा-बारा किलोंचा सेट घेऊन 6 लिटरचा सिलिंडर 300 बारवर भरून गेलात, तर मिळते 1800 लिटर हवा. मिनिटाला 40 लिटर धरले तर 45 मिनिटं, पण जिने चढून होज ओढताना ती अर्ध्या तासातही संपते. तेवढ्यात घामावाटे लिटरभर पाणी सहज जातं. रिकाम्या, कोरड्या शरीराला राग आणि रडू दोन्ही लवकर येतं. आधी लिटरभर पाणी, त्यात मीठ-साखर-लिंबू, मग चहा. केंद्रात नेमका उलटा क्रम असतो, चहा आणि सिगारेट आधी.

मग सामान धुणं. होज पसरून धुवायचे, वाळायला टांगायचे, होजच्या तोंडाला लावायच्या ब्रँच पुसायच्या, सिलिंडर बदलायचे, मास्क साबणाने धुवायचे. नव्या पोरांना हा कंटाळा वाटतो. पण मनाला जड गेलेल्या वर्दीनंतर हे काम औषधासारखं लागू पडतं. हात हलत असतात, नजर होजवर असते, समोरासमोर बसायची सक्ती नसते, आणि अशा वेळी माणूस शेजारच्याला सहज विचारतो, ‘तू वर गेलास तेव्हा दार उघडं होतं का रे?’ बोलणं तिथून सुरू होतं. म्हणून चांगला सब ऑफिसर हे काम दोघा नवख्यांवर टाकून मोकळा होत नाही. जे आत गेले होते त्यांनाच तो होजवर बसवतो आणि स्वतःही बाह्या वर करतो.

कोट-हूड घरी न्यायचे नाहीत, ते केंद्रातच धुवायचे. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचं काम कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांनी कर्करोग होतो हे सिद्ध झालंय त्यांत, टाकलं. काजळी कातडीतून आत जाते, मानेवरून, काखेतून. केंद्रात अंघोळ करून, घरचे कपडे घालून निघायचं. काजळीसाठी म्हणून हे करायचंच, पण त्याने मनालाही एक उंबरठा मिळतो. धुराच्या वासाने दारात उभा राहिलेला बाप पोराला जवळ घ्यायला कचरतो, आणि पोराला वाटतं बाबा रागावलेत.

अपराधी वाटणं हे या कामातलं सगळ्यात हट्टी दुखणं आहे. ‘दोन मिनिटं आधी पोहोचलो असतो तर.’ त्यावर ‘असं वाटून घेऊ नकोस’ हे उत्तर निरुपयोगी आहे, ते ऐकून माणूस फक्त बोलणं थांबवतो. उत्तर घड्याळाने द्यायचं असतं. फोमचा सोफा, पडदे, प्लायवूड असलेली आजची बंद खोली 3 ते 5 मिनिटांत पूर्ण पेटते, ज्याला फ्लॅशओव्हर म्हणतात. हवेत कार्बन मोनॉक्साइड सव्वा टक्क्याच्या पुढे, म्हणजे 12,800 पीपीएमवर गेला, की दोन-तीन श्वासांत शुद्ध जाते आणि 1 ते 3 मिनिटांत जीव. आता अधिकाऱ्याने कागद घ्यावा. समजा, आग 2:10 ला लागली. शेजाऱ्याला धूर दिसला 2:19 ला. तो आधी ओरडला, दार वाजवलं, 101 ला फोन केला 2:22 ला. गाडी सुटली 2:23 ला, पोहोचली 2:31 ला. या एकवीस मिनिटांतली दलाच्या हातात होती नऊ, आणि खोलीतल्या माणसाची वेळ त्याआधीच संपली होती. हे आकडे लिहून समोर ठेवले की डोकं मान्य करतं. मन लगेच करत नाही, पण रात्री तीनला जाग आल्यावर धरायला त्याला काहीतरी मिळतं. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण धूर की भाजणं हे कळलं, तर तेही टीमला सांगावं. धुराने गेलेल्याला बहुतेकदा ज्वाळा जाणवलेल्या नसतात, आणि ‘त्याला फार सोसावं लागलं का’ हा प्रश्न मनात नसलेला फायरमन विरळा.

पण खोटा दिलासा देऊ नका. खरंच उशीर झाला असेल, तर का झाला ते स्पष्ट लिहा: गल्लीत दुतर्फा लावलेल्या गाड्या, कोरडा हायड्रंट (बंबाला पाणी घ्यायचा नळ), गच्चीच्या दाराला कुलूप, खबर देणाऱ्याने सांगितलेला चुकीचा पत्ता. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीतली यंत्रणा चालू ठेवणं ही मालक किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, आणि तसं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. ज्याने जिन्यात सामान रचलं त्याचा दोष होजवाल्याने का वाहायचा? अहवालात तो दोष जिथला तिथे लिहिला गेला, की आत गेलेल्याच्या पाठीवरचं थोडं उतरतं.

मृतदेह काढण्याच्या कामालाही रीत असते आणि ती मोडली की किंमत द्यावी लागते. जेवढे हात लागतील तेवढीच माणसं आत, बाकीच्यांना पाठ फिरवून उभं करा. बघ्यांच्या रांगेतून जाताना चादर नीट घातलेली हवी. नव्या मुलाला ‘हिंमत यावी’ म्हणून पुढे ढकलणं हा जुना आणि वाईट रिवाज आहे. मृत मुलाच्या वयाचं मूल ज्याच्या घरी आहे, त्याला त्या कामावर घेऊ नये. चेहऱ्याकडे, हातांकडे, पाकिटातल्या फोटोकडे रोखून बघायचं नाही. ओळख पटवणं पोलिसांचं काम आहे. आणि खिशातला फोन. घर पडलं की ढिगाऱ्यातून मोबाइल वाजत राहतात, पडद्यावर ‘आई’ असं येतं. तो फोन कोणी उचलायचा नाही, पडदा खाली करून पोलिसांकडे द्यायचा. काम लांबलं तर अर्ध्या तासाने माणसं बदला, कोणी ‘नको, मीच करतो’ म्हणाला तर त्याला आधी बदला.

वास मारण्यासाठी नाकाखाली विक्स चोळण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. ती सोडावी. वासाची वाट मेंदूत भावनांच्या केंद्राशी जवळून जोडलेली असते. आज विक्स आणि मृतदेह एकत्र बांधले गेले, की पावसाळ्यात पोराच्या छातीला आजी विक्स लावायला बसली तरी याला घरात थांबवत नाही, आणि का ते त्यालाही सांगता येत नाही. साधा मास्क, तोही लवकर बदलून, पुरेसा आहे. त्या दिवशी घरी मटण शिजवायचं नाही, हे मात्र जुन्या बायका न सांगताच पाळतात.

आपलाच माणूस गेला तर गणित वेगळंच होतं. 9 मे 2015 ला काळबादेवीतल्या गोकुळ निवासला लागलेल्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले: संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर. पहिले दोघे त्याच दिवशी, अमीन आणि नेसरीकर पुढच्या काही दिवसांत रुग्णालयात. जे रोज हुकूम देत होते त्यांनाच हाताखालच्यांनी खांदा दिला. अशा घटनेनंतर वाचलेल्यांना सगळ्यात जड जातो तो पुढचा बंब, कारण तो त्याच रात्री सुटायचा असतो. शक्य तिथे शेजारच्या केंद्राने त्या केंद्राच्या वर्द्या निदान एक पाळी तरी घ्याव्यात.

14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, त्यात दलाचे 66 जण गेले. म्हणून 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. अलीकडे त्या आठवड्यात तणावमुक्तीचं व्याख्यान ठेवायची पद्धत पडली आहे. सभागृहात दोनशे माणसं, पहिल्या रांगेत साहेब, आणि वक्ता विचारतो, ‘कोणाला काही शेअर करायचंय?’ कोण करणार? व्याख्यानाला माझा विरोध नाही, पण काम झालं असं समजायला आहे.

सक्तीच्या बैठकीचं तर उदाहरणच आहे. अग्निशमन सेवेत काम केलेले अमेरिकी मानसतज्ज्ञ जेफ्री मिचेल यांनी 1983 मध्ये एक पद्धत मांडली: घटनेनंतर 24 ते 72 तासांत सगळ्यांना बसवून सात टप्प्यांत घटना बोलायला लावायची. जगभर ती उचलली गेली. पुढे चाचण्यांत दिसलं की एकाच बैठकीत सगळ्यांना प्रसंग पुन्हा उगाळायला लावल्याने पुढचा आजार टळत नाही, काहींचा तर वाढतो. ज्याने आतलं पाहिलंच नव्हतं, त्याला दुसऱ्याच्या तोंडून ते दिसतं. आता भर आहे तो मानसिक प्रथमोपचारावर, आणि त्याची तीन कामं आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण गप्प झालाय, कोण अंगातला कोट उतरवायला विसरलाय ते पाहायचं. बोलला तर ऐकायचं, खोदायचं नाही. घरी कोणीतरी आहे ना, उद्या सुट्टी आहे ना, हे बघून त्याला कोणाच्या तरी हवाली करायचं. हे मानसतज्ज्ञाशिवाय, होज धुताना होतं.

आणि ती कुठेच न लिहिलेली नोंद, मृतदेह कोणाच्या हातांनी निघाले याची. केंद्र अधिकाऱ्याने स्वतःच्या डायरीत चार रकाने आखावेत: तारीख, वर्दी कसली, मृतदेहाला हात कोणाचा लागला, त्यात मूल होतं का. महिनाअखेरीस एकाच नावापुढे तीन खुणा दिसल्या, तर पुढच्या अशा वर्दीत तो बाहेर गाडीच्या पंपावर राहील, किंवा आठवडाभर वॉच रूममध्ये, म्हणजे वर्दी घेण्याच्या खोलीत, बसेल. कारण जाहीर करायचं नाही, नाहीतर तीच शिक्षा होते.

घरच्यांसाठी. वर्दीवर असताना मोबाइलवर फोन करू नका. तो गाडीत किंवा लॉकरमध्ये असतो, न उचललेल्या दहा फोनांनी तुमचाच जीव वर येतो. निघताना ठरवून ठेवा की काम आटोपल्यावर एकच शब्द येईल, ‘निघालो’. टीव्ही बंद ठेवा. वाहिनीवर ‘जवान अडकल्याची भीती’ येतं तेव्हा कोणता जवान ते त्यांनाही माहीत नसतं. शंका असेल तर क्वार्टर्समधल्या एकाच जाणत्या माणसाने वॉच रूमला विचारावं, सगळ्यांनी नाही.

दारात ‘काय झालं?’ विचारू नका. त्याला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणजे पुन्हा आत जायचं. ‘अंघोळ झाली का, की जेवायला वाढू?’ याचं उत्तर देता येतं. घरात दोन शब्द ठरवून टाका, ‘साधी होती’ आणि ‘जड होती’. जड असेल तर अर्धा तास त्याला एकट्याला बसू द्या, पोरांचा अभ्यास, फी, सासरचं लग्न, सगळं संध्याकाळवर. पण पूर्ण दिवस एकटं सोडू नका. मुलांना खोटं सांगू नका. लहान्याला ‘बाबा दमलेत, तुझ्यावर रागावले नाहीत’ एवढं पुरे. मोठ्याने व्हिडिओ आधीच मोबाइलवर पाहिलेला असतो, त्याला विचारा काय पाहिलंस. दाराची बेल घंटेसारखी ट्रिंग करणारी असेल तर बदला. दीडशे-दोनशे रुपयांत दुसऱ्या आवाजाची मिळते.

दारूबद्दल थेट बोलायला हवं. तिने झोप लागते हे खरं. पण ती उतरताना पहाटे स्वप्नं दुप्पट जोरात येतात, मग दुसऱ्या दिवशी एक पेग वाढतो. बायकोने बाटली लपवून हे सुटत नाही, आणि केंद्रातल्यांनी ‘आज त्याला लागते रे’ म्हणून भरून दिल्याने तर मुळीच नाही.

पहिले दोन-तीन आठवडे झोप उडणं, प्रसंग डोळ्यांपुढे येणं, दचकणं हे अपेक्षित आहे, आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही तेच चालू असेल, त्या रस्त्याने जाणं टाळत असेल, रात्री चार-चारदा उठून गॅसचा नॉब बघत असेल, पोरांपासून तुटल्यासारखा वागत असेल, तर डॉक्टर हवा. मरणाची भाषा आली तर महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी चला. आघातावरची खास समुपदेशन पद्धत साधारण 8 ते 12 बैठकांची असते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात. दहा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे फार. औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली झोपेची गोळी हा उपाय नाही.

लोक जात नाहीत, कारण भीती असते की बी.ए.वरून काढतील, सर्व्हिस बुकात शेरा येईल, भत्ता जाईल, पोरं हसतील. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलाय, आणि विमा कंपन्यांनाही मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला त्या कारणाने काढता किंवा पदावनत करता येत नाही. हे कायदे भीती पूर्ण घालवत नाहीत, हे मान्य. म्हणून पहिलं पाऊल असं हवं की जे कोणाला दिसणार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतो. घरच्यांनीही लावायला हरकत नाही. तो नंबर नोटीस बोर्डवर लावू नका. तिथे उभं राहून नंबर टिपून घेणारा सगळ्यांना दिसतो. संडासाच्या दाराला आतून चिकटवा, आणि क्वार्टर्सच्या जिन्यात वीज मीटरच्या खोक्यावर.